अपुऱ्या दुःस्वप्नाची शिफारस

एखादी कलाकृती 'पाहा' किंवा 'वाचा' असे दुसऱ्यास सांगणे, या कृतीचा विचार समीक्षेत अभावानेच होतो. समीक्षा कलाकृतीचे वर्णन करते, तिचे घटक सुटे करून पाहते, परंपरेत तिचे स्थान ठरवते. शिफारस ही मात्र काहीशी घरगुती आणि म्हणून दुय्यम बाब समजली जाते. वस्तुतः शिफारशीत मूल्यमापनाहून एक जबाबदारी अधिक असते. मूल्यमापन हे कलाकृतीविषयीचे सर्वांसाठी केलेले विधान असते, तर शिफारस ही एका विशिष्ट माणसाला केलेली विनंती असते. तिच्यामुळे त्या माणसाचा वेळ खर्ची पडतो, त्याच्या अपेक्षा जाग्या होतात, आणि कलाकृती भयाची असेल तर ते भयही त्याच्या घरात शिरते. शिफारस करणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, नवख्याला नसतो. या विषमतेतूनच शिफारशीचा नैतिक प्रश्न उद्भवतो.

खानदेशाच्या वाङ्मयीन इतिहासाला हा प्रश्न अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केशवसुत भडगावच्या शाळेत शिक्षक होते. तेथून पुढे ते फैजपूरला गेले. १९०५ मध्ये हुबळीस त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. त्यांची कविता ग्रंथरूपाने वाचकांपुढे आली ती ह. ना. आपटे यांनी ती मनावर घेतली म्हणून. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. शेतात आणि जात्यावर म्हटलेली कितीतरी गाणी तोवर विरून गेली होती. जी कोणी लिहून ठेवली तेवढीच उरली. दोन्ही प्रसंगी शिफारस करणाऱ्यांपुढे एक अपुरे संचित होते आणि ते पूर्ण करून घेण्याची सोय उरलेली नव्हती. तरीही ते नवख्या वाचकाच्या हाती द्यावे, असे त्यांना वाटले. अपूर्णता ही शिफारशीच्या आड येणारी गोष्ट नव्हे, एवढे तरी यावरून म्हणता येईल. मात्र ती कोणत्या अटीवर आड येत नाही, हे तपासावे लागते. आणि कलाकृती दुःस्वप्नाची असेल तर अधिकच काटेकोरपणे तपासावे लागते.

या तपासणीस उपयुक्त असे एक उदाहरण अलीकडच्या काळातले आहे. १४ जून २०१९ रोजी नेटफ्लिक्सवर 'लैला' ही हिंदी मालिका प्रदर्शित झाली. प्रयाग अकबर यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या इंग्रजी कादंबरीवर ती आधारलेली आहे. उर्मी जुवेकर यांच्या लेखनातून ती पडद्यावर उतरली आणि दीपा मेहता, शंकर रमण व पवन कुमार या तिघांनी तिचे दिग्दर्शन केले. सहा भाग झाले आणि मालिका तेथेच थांबली. दुसरे सत्र आले नाही. दूरदर्शनच्या काळात भारतीय प्रेक्षकाने 'इंद्रधनुष', 'स्पेस सिटी सिग्मा' आणि पुढे १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम' यांसारख्या मालिका पाहिल्या होत्या. त्यांतील विज्ञान हे बहुधा साहसाचे वाहन होते आणि प्रेक्षक बहुधा मुले होती. मराठी विज्ञानकथेनेही जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या पिढीत विज्ञानाच्या संभाव्यतांचा शोध मोठ्या निष्ठेने घेतला. परंतु भविष्यातील राज्यसंस्थेचे सविस्तर दुःस्वप्न हा तिचा प्रधान विषय झाला नाही. 'लैला'कडे येणारा प्रेक्षक त्यामुळे खऱ्या अर्थाने नवखा असतो. त्याला विज्ञानकथा ठाऊक असेल, दुःस्वप्नराज्य ठाऊक असेलच असे नाही.

दुःस्वप्नराज्य, म्हणजे ज्यास इंग्रजीत डिस्टोपिया म्हणतात ती संकल्पना, हे कल्पराज्याचे नुसते उलटे चित्र नव्हे. थॉमस मोरने १५१६ मध्ये 'युटोपिया' लिहिले तेव्हा त्याने नसलेल्या स्थळी एक सुव्यवस्थित समाज वसवला. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमधील भाषणात आयर्लंडविषयीचे सरकारी धोरण चालवणाऱ्यांना 'डिस-टोपियन' म्हटले. त्यांचा रोख कोणत्याही कल्पित देशावर नव्हता, समोर बसलेल्या राज्यकर्त्यांवर होता. जन्मापासूनच हा शब्द असा वर्तमानाला चिकटलेला आहे. झाम्यातिन, हक्स्ले, ऑर्वेल यांच्या कादंबऱ्यांतून त्याला वाङ्मयीन रूप आले तेही याच अर्थाने. दुःस्वप्नराज्यातील भविष्य ही एक भिंग असते. पाहायचे असते ते आजचे.

'लैला'तील भविष्य फार दूरचे नाही. २०४० च्या दशकाच्या अखेरीस आर्यावर्त नावाचे एक राज्य उभे राहिले आहे. शहर उंच भिंतींनी जातिजमातींच्या वस्त्यांत विभागलेले आहे. हवा काळवंडलेली आहे, पाणी दुर्मीळ आणि पहाऱ्यातले आहे, भिंतींबाहेर कचऱ्याचे डोंगर आहेत. शालिनी ही सुखवस्तू हिंदू स्त्री, तिचा पती रिझवान मुसलमान, आणि त्यांची लहान मुलगी लैला. घराच्या आवारातील पोहण्याच्या तलावात हे कुटुंब खेळत असताना माणसांची एक टोळी आत घुसते. पतीची हत्या होते, मूल हिरावले जाते, आणि शालिनीला शुद्धीकरणाच्या केंद्रात डांबले जाते. पुढील कथा ही तिच्या शोधाची कथा आहे. त्या शोधात ती एका उच्चाधिकाऱ्याच्या घरी मोलकरीण होते. राज्यकर्त्यांच्या वस्तीवर थंड हवेचा एक प्रचंड घुमट उभारला जात आहे आणि त्याची उष्णता बाहेरच्या झोपड्यांवर ओतली जाणार आहे, हे तिला कळते. अखेरीस मुलगी सापडते. परंतु ती जिला आई म्हणते ती आहे सपना, शालिनीच्याच घरी एके काळी काम करणारी बाई. या क्षणाच्या पुढे थोड्याच अंतरावर मालिका थबकते आणि थबकलेलीच राहते.

अशी मालिका नवख्यास पाहायला सांगावी काय, या प्रश्नावरचा पहिला आक्षेप अपूर्णतेचा आहे आणि तो क्षुल्लक नाही. शोककथेत प्रेक्षकाला जे भय आणि जी करुणा भोगावी लागते तिचे शमन शेवटी होते, असा विश्वास प्राचीन काळापासून चालत आलेला आहे. शेवटच नसेल तर शमन कसले? शिवाय ही अपूर्णता कलावंतांनी हेतुतः निवडलेली नाही. शेवटचा प्रसंग पुढच्या सत्राची वाट मोकळी ठेवून रचलेला आहे. ते सत्र न निघाल्याने तो शेवट ठरला. व्यवहाराने दिलेल्या या खंडिततेला 'मुक्त शेवट' असे भारदस्त नाव देऊन तिचा गुण म्हणून गौरव करणे ही शिफारस करणाऱ्याची लबाडी ठरेल. अपघाताला रचना म्हणणे हे समीक्षेतील असत्य आहे, आणि नवख्यापुढे ते बोलणे अधिक दोषास्पद आहे, कारण त्याच्यापाशी ते पडताळण्याचे साधन नसते. सहाव्या भागानंतर काही नाही, हे वाक्य शिफारशीच्या आरंभीच यायला हवे. रहस्य फुटेल या भीतीने ते दडवणे म्हणजे गिऱ्हाइकाला वजनात फसवणे होय.

असे असले तरी अपूर्णतेमुळे मालिकेचे सारेच हिरावले जाते, असे नाही. दीर्घायुषी दुःस्वप्नाचीही एक अडचण असते. मार्गारेट अॅटवुड यांच्या १९८५ च्या कादंबरीवरील 'द हँडमेड्स टेल' ही मालिका २०१७ पासून २०२५ पर्यंत सहा सत्रे चालली. कादंबरीच्या कथानकापलीकडे ती वर्षानुवर्षे वाढत गेली. छळ, सुटका, पुन्हा पकड, पुन्हा सुटका या आवर्तनात प्रेक्षकाला त्या भयंकर राज्याची एक प्रकारची सवय होण्याचा धोका असतो. दुःस्वप्न हे नेहमीचे गाव होऊन बसते. उलट १९६७-६८ मध्ये इंग्लंडात दाखवली गेलेली 'द प्रिझनर' ही सतराच भागांची मालिका अर्ध्या शतकानंतरही चर्चेत राहिली, याचे एक कारण तिच्या आखूडपणात आहे. सवय लागण्याआधीच ती संपली. आखूड आयुष्य हे स्वतःहून मूल्य ठरत नाही. परंतु मांडलेला प्रश्न प्रेक्षकाच्या मनात निबर होण्यापूर्वी कथा थांबली, तर त्या प्रश्नाची धार शाबूत राहू शकते. म्हणून विचारायचे ते एवढेच: 'लैला'चे उत्तर अपुरे राहिले हे खरे, पण तिचा प्रश्न पुरा मांडून झाला आहे काय?

तो प्रश्न कोणता, हे ठरवताना बहुतेक चर्चा चुकीच्या जागी जाऊन थांबली. प्रदर्शनापूर्वीच मालिकेवर हिंदुविरोधी असल्याचा आरोप झाला. दुसऱ्या बाजूने तिचे निर्भीड म्हणून स्वागत झाले. दोन्ही पक्षांनी तिला पुरावा मानले, एकाने कटाचा आणि दुसऱ्याने संकटाचा. ज्याला ती पाहायला सांगितली त्याला अशा वेळी प्रेक्षक म्हणून बोलावलेले नसते, साक्षीदार म्हणून बोलावलेले असते. आणि साक्षीदाराकडून काय वदवून घ्यायचे हे आधीच ठरलेले असते. कलाकृतीची ही विटंबना आहे आणि नवख्याचाही तो अवमान आहे.

मालिकेचा खरा प्रश्न पहिल्या प्रसंगातच, त्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभा आहे. तो पाहण्यासाठी भडगावसारखे ठिकाण मुंबई-दिल्लीपेक्षा सोयीचे आहे. गिरणेच्या काठचे हे तालुक्याचे गाव. कापूस आणि केळी यांच्या या मुलखात नदीला पाणी आहे की नाही हे आकाशाइतकेच धरणावर अवलंबून असते. १९६९ मध्ये पूर्ण झालेले गिरणा धरण बरेच वर, नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात आहे. त्याखाली जामद्याचा बंधारा आणि त्याचे डावे-उजवे कालवे. 'आवर्तन' हा शब्द येथे छंदशास्त्रातला नाही. धरणातून नदीला किंवा कालव्याला पाणी केव्हा सुटणार, किती दिवस चालणार, आणि ते शेपटापर्यंत पोचणार की वरच्यावरच उचलले जाणार, या साऱ्या चिंता त्या एका शब्दात सामावलेल्या आहेत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी अनुभवला त्यांच्या घरांत पाणी हा आजही नीतीचा विषय आहे. हंड्यात उरलेले पाणी फेकून देणाऱ्या मुलाला येथील आजी रागावते तेव्हा ती काटकसर शिकवत नसते. ती पापाविषयी बोलत असते.

अशा घरातला प्रेक्षक मालिकेचा पहिला प्रसंग पाहील तेव्हा त्याची सहानुभूती कोठे जाईल? दिग्दर्शक ती शालिनीकडे नेऊ पाहतात: हसणारे मूल, निळे पाणी, मग अकस्मात हिंसा. महानगरातील प्रेक्षक तेथे सहज जातो. परंतु गिरणेकाठच्या प्रेक्षकाच्या नजरेस त्या मुलाआधी ते पाणी पडण्याचा संभव आहे. बाहेर माणसे थेंबासाठी तरसत असताना पोहण्यासाठी तुडुंब भरलेला तलाव! क्षणभर, अगदी क्षणभरच, आत घुसणाऱ्यांचे म्हणणे त्याला पटण्यासारखे वाटेल. आणि पुढच्याच क्षणी त्याला दिसेल की ही माणसे पाण्यासाठी आलेलीच नाहीत. ती आली आहेत रक्ताची शुद्धता राखण्यासाठी. त्यांना खुपते आहे ते आंतरधर्मीय लग्न आणि 'मिश्र' मूल. पाणी हे त्यांचे निमित्त आहे.

मालिकेतील सर्वांत महत्त्वाची नैतिक सूचना हीच होय. गाऱ्हाणे न्याय्य असते आणि ते उचलणारा हात अन्यायी असतो. विषमतेची जखम खरी असते. तिच्यावर फुंकर घालायला येणाऱ्याच्या दुसऱ्या हातात सुरी असते. हुकूमशाही आकाशातून पडत नाही. ती कोणाच्या तरी खऱ्याखुऱ्या तहानेवर स्वार होऊन येते, आणि ती तहान ज्यांनी दुर्लक्षिली ते सुसंस्कृत लोक आपल्या तलावात निर्धास्त असतात. शालिनी निरपराध आहे, कारण तिला भोगावी लागलेली शिक्षा कोणत्याही न्यायाने तिच्या वाट्याला येत नाही. तरीही ती निर्दोष नाही. तिच्या घरात सपना होती. सपनाची तहान, सपनाचे मूलपण, सपनाचे आईपण यांची चौकशी त्या घरात कोणी केली होती काय? मालिका हे आठवणींच्या तुकड्यांतून सुचवते. पुढे शालिनी स्वतः मोलकरीण होते तेव्हा, पूर्वी जी भिंत तिने आतून पाहिली होती ती तिला बाहेरून दिसते.

या दृष्टीने पाहिले असता शेवटचा प्रसंग केवळ टांगणीला लावलेला प्रसंग राहत नाही. लैला सपनाला आई म्हणते. जन्म दिलेली आई समोर उभी आहे आणि वाढवणारी आईही. महाभारतातील राधा आणि कुंती यांच्यापासून हा पेच भारतीय मनाला परिचित आहे; परंतु येथे त्याला वर्गाची आणि जातीची धार आहे. ज्या बाईला त्या घराने आपली मानली नाही तिनेच त्या घराचे मूल आपले मानले. ते प्रेम आहे, चोरी आहे, की सूड आहे? तिन्ही असू शकते. हा पेच मांडून मालिका थांबली. उत्तर देणारे सत्र आले नाही. आले असते तर कदाचित सपनाला खलनायिका करून पेच सोपा केला गेला असता, किंवा केला गेला नसता. त्याविषयी अनुमान व्यर्थ आहे. प्रश्न मात्र पुरता विचारून झाला आहे, आणि शिफारस करण्यास तेवढा आधार पुरेसा आहे.

नवखा प्रेक्षक येथे दुसरा आक्षेप घेऊ शकतो: हे सारे अतिरंजित आहे, पाणी आणि शुद्धता यांची अशी सांगड कोठे घालतात काय? अॅटवुड यांनी आपल्या कादंबरीविषयी सांगितलेली एक भूमिका येथे स्मरणीय आहे. इतिहासात कोठे ना कोठे घडून न गेलेले असे काहीही आपण त्यात घातले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 'लैला'ची शिफारस करणाऱ्यास त्यासाठी परदेशी इतिहासात जाण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते तळे नगरपालिकेने आधीच सर्वांना खुले केलेले होते. कायदा बाजूस होता, पाणी मुबलक होते, तरीही सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि पुढे तळे 'बाटले' म्हणून गोमूत्र-शेण-दह्याचे हंडे ओतून ते शुद्ध करून घेण्यात आले. त्या पाण्यावरील हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करेपर्यंत १९३७ साल उजाडले. भविष्यकथेतील शुद्धीकरण केंद्र महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला अशक्य वाटत असेल तर तो भविष्याविषयी साशंक आहे असे म्हणता येत नाही. त्याचा इतिहास कच्चा आहे, इतकेच. पाण्याच्या टंचाईवाचूनही शुद्धतेचा पहारा बसू शकतो, हे महाडने दाखवले. टंचाई आणि शुद्धता एकत्र आल्यास काय होईल, एवढेच पाऊल मालिका पुढे टाकते.

शिफारस येथे संपवता आली असती. परंतु ती येथे संपवली तर नवख्याच्या हाती केवळ भय राहील, आणि केवळ भय देणारी शिफारस अर्धवट असते. भय माणसाला सावध करते तसेच ते त्याला मुकाटही करते. 'लैला'त एक मोठी उणीव आहे आणि ती दाखवून देणे हा शिफारशीचाच भाग मानला पाहिजे. त्या जगात राज्य आहे, झुंड आहे, आणि गुप्तपणे लढणारे बंडखोर आहेत. या तिहींच्या मध्ये काहीच नाही. पंच नाहीत, पाणीवाटप करणारे नाहीत, भांडणे आणि त्यांचे निवाडे नाहीत, शेजार नाही. महानगरी कल्पनेने रचलेल्या दुःस्वप्नाची ही मर्यादा आहे; तिला समाज म्हणजे भिंतीच्या आतले कुटुंब आणि भिंतीबाहेरची गर्दी एवढाच दिसतो.

गिरणेच्या खोऱ्यातील माणसाला यापेक्षा वेगळे काही ठाऊक आहे. गिरणेस मिळणाऱ्या आरम आणि मोसम या नद्यांवर, तसेच धुळे जिल्ह्यातील पांझरेवर, काही शतके फड पद्धती चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालचे सारे क्षेत्र म्हणजे थळ, आणि थळाचे तीन-चार फड. एका फडात एका वेळी एकच पीक. पुढच्या साली ते पीक दुसऱ्या फडात. शेतकऱ्यांच्या जमिनी बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असत, त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली तर तोटा एकाच्याच माथी येत नसे. पाणी कोणी आपल्या हाताने वळवून घ्यायचे नाही. ते पाटकरी देणार. जागल्या पिकाची राखण करणार, हवालदार त्यांच्यावर देखरेख ठेवणार, आणि तंटा पंचांपुढे जाणार. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी किती क्षेत्र भिजवायचे ते सर्वांनी मिळून आधीच ठरवायचे. टंचाई होती, पहारा होता, नियम होते, दंडही होता. तरीही ते दुःस्वप्नराज्य नव्हते, कारण नियम करणारे आणि नियम पाळणारे एकाच पाटावर बसलेले होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाणेही असत्य ठरेल. फडाचे पाणी जमिनीला मिळे, माणसाला नव्हे; ज्याला जमीन नाही त्याला त्यात वाटा नाही. ज्यांच्या राबण्यावर पाट वाहता राहिला त्यांतील अनेकांचे थळात एक बिघाही नव्हते. 'लैला'तली सपना फडातही होतीच. तिला बलुत्यापलीकडे काही मिळत नव्हते. ही त्रुटी ओळखण्यासाठी १९७२ च्या दुष्काळानंतरचा काळ उजाडावा लागला. पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला तेव्हा पाण्याचा हक्क जमिनीऐवजी माणशी मोजला गेला, भूमिहीनासही त्यात स्थान दिले गेले आणि उसासारखे तहानलेले पीक वर्ज्य ठरले. वरच्या अंगास झालेली धरणे, विहिरी आणि विद्युत पंप यांच्या रेट्यात फड बहुतेक ठिकाणी क्षीण होत गेले. पाणी पंचायतही सर्वत्र पसरली नाही. म्हणजे या दोन्ही गोष्टीही एका अर्थाने अल्पायुषी आणि अपुऱ्याच राहिल्या. तथापि त्या घडल्या होत्या. कल्पित भविष्याशी वाद घालण्यासाठी घडून गेलेल्या गोष्टीइतके भक्कम साधन दुसरे नाही.

शिफारशीचे स्वरूप यामुळे बदलते. सामान्यतः शिफारस करणारा देणारा असतो आणि नवखा घेणारा. 'लैला'सारख्या कृतीच्या बाबतीत नवख्यापाशी असे काही असते की जे कृतीत नाही आणि कदाचित शिफारस करणाऱ्यापाशीही नाही. भडगावच्या एखाद्या तरुणाने सहा भाग पाहून 'यांच्याकडे पाटकरी का नाही?' असे विचारले, तर तो प्रश्न भाबडा मानून हसण्यावारी नेता येणार नाही. तो त्या मालिकेवरील अत्यंत मर्मग्राही अभिप्राय ठरेल. राज्य आणि झुंड यांच्या मधल्या जागेत जे उभे राहायला हवे होते त्याची अनुपस्थिती त्याने अचूक हेरलेली असेल. मालिकेने न दिलेले सातवे प्रकरण असे प्रश्न विचारणाऱ्यांच्या बोलण्यातूनच थोडेफार लिहिले जाणे शक्य आहे. हा अर्थ मालिकेच्या कर्त्यांना अभिप्रेत होता असे नाही. तो प्रेक्षकाच्या अनुभवातून येतो, आणि म्हणून त्याचे श्रेय अपूर्णतेला न देता प्रेक्षकाला द्यायला हवे.

तेव्हा 'लैला' पाहण्यास सांगावे काय? सांगावे, परंतु सांगताना काही गोष्टी लपवू नयेत. ती संपत नाही. तिच्यातील बंडखोरांच्या कारवाया पुष्कळदा चाकोरीतल्या थरारकथेसारख्या होतात आणि तिचे राज्यकर्ते माणसांपेक्षा मुखवटे अधिक वाटतात. तिचा उपयोग कोणत्याही पक्षाची फिर्याद म्हणून करू नये. पहिल्या प्रसंगात सहानुभूती डळमळली तर ते प्रेक्षकाचे अपयश समजू नये. त्या डळमळण्यातच मालिकेचा अर्थ सुरू होतो, आणि ज्याला ते मुळीच जाणवले नाही त्याने आपल्या घरातील तलाव एकदा पाहून घ्यावा. अखेरच्या प्रसंगात दोन आयांपैकी कोणाची बाजू घ्यायची याची घाई करू नये.

केशवसुतांची कविता किंवा बहिणाबाईंची गाणी ज्यांनी पुढे केली त्यांनी वाचकाला पूर्णतेचे आश्वासन दिले नव्हते. हाती आहे तेवढे खरे आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. 'लैला' ही त्या तोलाची कृती नव्हे आणि तशी तुलना येथे अभिप्रेतही नाही. शिफारशीची रीत मात्र तीच राहते. जे आहे ते आहे तेवढेच सांगावे, जे नाही ते नाही म्हणावे, आणि उरलेला निर्णय पाहणाऱ्यावर सोपवावा. दुःस्वप्न दुसऱ्याच्या हाती देताना माणसाने इतके तरी पथ्य पाळले पाहिजे. कारण आपले पाणी कोणाच्या तहानेवर तोलून धरलेले आहे, हा प्रश्न एकदा घरात आला की मालिका संपली म्हणून तो घराबाहेर जात नाही. गिरणेला पुढचे आवर्तन सुटेल तेव्हाही तो तेथेच असेल.